जांभळाची वाइनरी: पहिल्यांदा उभारताना आणि कुलूप काढून पुन्हा चालू करताना

आमची वाइनरी वाइन बिघडली म्हणून बंद पडली, असं गावात सांगतात. वाइन बिघडली एकदाच, २०१२ साली, बाराशे लिटर. त्यातून सावरता आलं असतं. कुलूप लागलं ते दोन कारणांनी. वर्षभराचं सगळं काम जूनच्या तीन आठवड्यांत कोंबलेलं होतं आणि सगळे कागद एकट्या बाबांच्या नावावर होते. २०१५ला बाबा गेले. तेराव्यानंतर काका नौपाड्याच्या घरी आले आणि किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवून म्हणाले, "अगं, टाक्यांत माल आहे, पण आता त्याला हात लावायचा कोणी, हेच कळत नाहीये."

सहा वर्षं तो जुडगा तसाच राहिला. २०२१मध्ये मी आणि माझ्या चुलत बहिणीने कुलूप काढलं, २०२३च्या जूनमध्ये नव्याने फळ घेतलं, २०२४मध्ये बाटल्या बाहेर पडल्या. दोन्ही वेळच्या चुका जवळून पाहिल्यामुळे, ठाणे जिल्ह्यात फळांची छोटी वाइनरी काढायची असेल किंवा घरातली बंद पडलेली चालू करायची असेल, तर काय कुठल्या क्रमाने करावं ते इथे लिहून ठेवते. द्राक्षाबद्दल मी बोलणार नाही. नाशिककडची मंडळी त्यात आपल्यापेक्षा फार पुढे आहेत, आणि द्राक्ष आपल्या दमट हवेचं पीक नव्हेच.

फळ कोणतं, किती

बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय. म्हणून कोणीही लेबलवर "बदलापूरचं जांभूळ" छापावं असं मात्र नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती फळ घेण्याआधी करा, लेबल छापून झाल्यावर नव्हे.

जांभळाचे गुण वाइनच्या सोयीचे आहेत. रंग गडद, तुरटपणा भरपूर, त्यामुळे लाल वाइनचा घाट आपोआप येतो. अवगुण तीन. साखर कमी, बी मोठी आणि हंगाम म्हणजे डोळ्यांची उघडझाप. जूनच्या पहिल्या आठवड्यात फळ भरात येतं, वटपौर्णिमेला भाव चढतो, आणि पावसाने जोर धरला की चिरलेली, पाणी प्यायलेली जांभळं खाली सडा घालतात. ती वाइनला चालत नाहीत. जमिनीला लागलेलं फळ आंबायला आधीच लागलेलं असतं, पण आपल्याला हव्या त्या यीस्टने नव्हे.

हिशेब असा धरा. १०० किलो फळातून बी काढून साधारण ६० किलो गर मिळतो, आणि साखर घालून, गाळून, साका (तळाचा गाळ) सोडून शेवटी ५० लिटर वाइन हाती लागते. हे आमच्या झाडांचे आकडे. तुमच्याकडे बी मोठी असेल तर कमी येईल. बाबांनी सुरुवातच ३००० लिटरने केली, म्हणजे चार हजार बाटल्या, म्हणजे ६००० किलो जांभूळ, म्हणजे वीस दिवस रोज ३०० किलो. हे गणित कागदावर सुंदर दिसतं. जांभळाची फांदी ठिसूळ असते, त्यामुळे वर चढणारा माणूस अनुभवी लागतो आणि खाली जाळं बांधावं लागतं. आमच्याकडे असे दोघे होते. त्यांतल्या एकाने तिसऱ्या दिवशी दांडी मारली की टाकी अर्धी राहायची.

पहिल्या वर्षी हजार-बाराशे लिटरच्या वर जाऊ नका. आम्हाला हे उमगायला पंधरा वर्षं लागली.

जागा: आधी पूररेषा, मग भाव

बाबा २००६ साली जागा बघत होते, म्हणजे २६ जुलै २००५च्या पुराला जेमतेम वर्ष झालं होतं. बदलापूरजवळ नदीकाठची एक जागा निम्म्या भावात मिळत होती. तिथल्या घराच्या भिंतीवर छातीच्या उंचीला चिखलाची रेघ होती. ती पाहून बाबा परत फिरले आणि बारवी धरणाच्या वाटेवरची चढावरची, महागडी जागा घेतली. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली, त्या दिवशी ती नदीकाठची जागा पुन्हा पाण्याखाली होती. जागा घेताना पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा मागा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.

त्यानंतर बघायचं ते पाणी. एक लिटर वाइनमागे धुण्यापुसण्यात चार-पाच लिटर पाणी सहज जातं. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याची तपासणी करून लोह आणि क्लोराइड बघा. लोह असलेल्या पाण्याने टाकी धुतली तर पुढे काय होतं ते खाली येईलच. तेवढंच पाणी बाहेरही जातं, आंबट आणि लाल. ते ओढ्यात सोडता येत नाही. चुन्याने आम्लता मारून, गाळ बसवून, मगच प्रक्रियेच्या टाकीकडे न्यायचं.

कागद

हा भाग कंटाळवाणा आहे आणि इथेच बहुतेक वाइनऱ्या जन्माआधी मरतात. एक गोष्ट ठळक समजून घ्या. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ सालचा आहे आणि त्याप्रमाणे परवान्याशिवाय वाइन करणं हाच गुन्हा आहे, मग ती घरच्या बरणीत केलेली का असेना. "आधी घरी करून बघू, जमलं तर परवाना काढू" हा मार्ग नाही. चव बघायची असेल तर ज्यांच्याकडे परवाना आहे अशा वाइनरीत आपलं फळ नेऊन त्यांच्या नोंदीखाली प्रयोग करून घ्या.

क्रम साधारण असा ठेवा. जमिनीचा सातबारा आणि बिगरशेती वापराचे कागद सर्वांत आधी. मग इमारतीचा आराखडा, आणि तो राज्य उत्पादन शुल्क खात्याला दाखवून मगच बांधकाम. कारण कोठीची दारं, कुलपं, टाक्यांची जागा हे सगळं त्यांच्या मंजुरीत येतं आणि नंतर एक खिडकी हलवायची तरी अर्ज करावा लागतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती दोनदा लागते, उभारण्याची वेगळी आणि चालवण्याची वेगळी. अन्नसुरक्षेचा परवाना, वजनमापे, अग्निशमन हे समांतर चालू शकतं. वाइनरीचा परवाना दरवर्षी ३१ मार्चच्या आत नूतनीकरण करायचा असतो. लेबलची मंजुरी वेगळी.

लेबलवर फळाचं नाव, मद्याचं प्रमाण, आरोग्याचा वैधानिक इशारा आणि सल्फाइट (वाइन टिकवणारं रसायन) असल्याची सूचना येते. जाहिरात करता येत नाही, त्यामुळे लेबल हीच तुमची जाहिरात. तिथे कंजूषी करू नका. पावसाळ्यात फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम सुटतो आणि साधा कागद पापडासारखा सोलून येतो. ओल सहन करणारा कागद मागून घ्या.

आणि हे पहिल्याच दिवशी करा: परवाना भागीदारीत काढा, किमान दोन माणसांच्या नावावर, आणि त्यांतलं एक नाव पुढच्या पिढीतलं असू द्या. बाबांना हे तीनदा सुचवलं होतं. "मी काय उद्या चाललोय का?" असं म्हणायचे.

इमारत: उतार, गटार, वारा

आमच्या पहिल्या बांधकामाला एका सल्लागाराने लादी सपाट टाकून दिली. दिसायला दिवाणखाना. धुतलं की पाणी मधोमध तळं करून उभं, रात्रीत त्याला आंबूस वास आणि सकाळी चिलटं. चिलटं म्हणजे व्हिनेगरची बीजं पायाला लावून फिरणारे पाहुणे. लादीला दर दहा फुटांना किमान दीड इंच उतार हवा, गटार भिंतीकडे नको तर टाक्यांच्या रांगेसमोर, आणि त्याची जाळी हाताने उचलता येईल अशी. पुन्हा चालू करताना आमचा सगळ्यात मोठा खर्च ही लादी फोडून परत टाकण्याचा होता, नव्या टाक्यांचा नव्हे.

वाऱ्याबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून सांगते. आंबताना एक किलो साखरेमागे जवळजवळ अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. हजार लिटरच्या टाकीत २४० किलो साखर असेल तर वायू होतो सुमारे ६५ घनमीटर. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत २८ घनमीटर हवा मावते. म्हणजे एका टाकीच्या वायूने अशा दोन खोल्या भरून वर उरेल. हा वायू हवेपेक्षा जड, त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो खाली साचतो. एक्झॉस्ट पंखा छताजवळ नाही, जमिनीपासून फूटभर वर बसवा. कार्बन डायऑक्साइडचा मीटर कमरेच्या उंचीला लावा. रिकामी झालेली टाकी धुवायला कोणी एकट्याने आत उतरायचं नाही. बाहेर दुसरा माणूस हवाच, आणि आतला कोसळला तर त्यानेही आत उडी मारायची नाही. अशाच घाईत एकामागोमाग एक माणसं जातात.

टाक्या ३०४ प्रतीच्या स्टीलच्या पुरतात. लाकडी पिंपांचा नाद करू नका. जांभळाला स्वतःचाच तुरटपणा पुरेसा आहे, आणि आपल्या पावसाळ्यात रिकाम्या पिंपाला बुरशी धरायला आठवडा पुरतो.

फळापासून वाइनपर्यंत

फळ सकाळी दहाच्या आत आलं पाहिजे. आमच्याकडे ठाकूर वाडीतल्या बायका आणतात, टोपलीत पळसाची पानं घालून. त्यांतल्या एकीने पहिल्याच वर्षी मला शिकवलं, "ताई, हाताला चिकटतं ते घ्या, रंग सोडतं ते नको." तेव्हा अर्थ लागला नव्हता. पिकून गरगरीत झालेलं फळ बोटांत दाबलं की साखरेमुळे चिकटतं. फुटून रंग गाळणारं फळ आतून गेलेलं असतं.

धुऊन, निथळून, गर काढायच्या यंत्रात घालायचं. यंत्राची जाळी अशी निवडा की बी अखंड बाहेर पडेल. बी भरडली गेली की जो कडवटपणा उतरतो तो नंतर कशानेच जात नाही. बिया फेकू नका, धुऊन वाळवा. जांभळाच्या बियांच्या पुडीला गिऱ्हाईक आहे आणि आमचं मजुरीचं काही बिल त्यातूनच निघतं.

गरात लगेच दोन गोष्टी जातात. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (यातून सुटणारा सल्फर डायऑक्साइड वाइन राखतो) आणि पेक्टिन, म्हणजे फळातला चिकट अंश, फोडणारं एन्झाइम, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवून. मेटाबायसल्फाइटच्या वजनाच्या साधारण ५७ टक्केच सल्फर डायऑक्साइड असतो. म्हणून १०० लिटरला ५० पीपीएम (लिटरमागे ५० मिलिग्रॅम) हवा असेल तर ५ ग्रॅम नव्हे, पावणेनऊ ग्रॅम घालायचं. एन्झाइम यीस्टच्या आधीच घाला, कारण मद्य तयार व्हायला लागलं की त्याचा जोर ओसरतो आणि वाइन पुढे महिनोन्महिने गढूळ राहते.

मग साखर. आमच्या जांभळाचा रस १२ ब्रिक्सच्या, म्हणजे १०० ग्रॅम रसात १२ ग्रॅम साखरेच्या, आसपास येतो. तेवढ्यावर जेमतेम साडेसहा टक्के मद्य होईल आणि अशी वाइन टिकत नाही. आम्ही २०पर्यंत नेतो, म्हणजे सुमारे ११ टक्के मद्य. गणित सोपं आहे. हवा तो ब्रिक्स वजा असलेला ब्रिक्स, याला रसाच्या किलोंनी गुणा, आणि १००मधून हवा तो ब्रिक्स वजा करून येईल त्याने भागा. १०० किलोला १२वरून २०ला जायचं तर ८ गुणिले १०० भागिले ८०, बरोबर १० किलो. ही साखर एकदम ओतू नका. अर्धी सुरुवातीला, अर्धी तिसऱ्या दिवशी, थोड्या रसात विरघळवून. कोरडी टाकली की तळाशी जाऊन बसते आणि तुम्ही वरचा ब्रिक्स मोजून खूश होता.

पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, मोजा. आकडा जितका कमी तितकं आंबट. आमचा ३.६ ते ३.८ येतो, तो टार्टारिक आम्लाने ३.४–३.५वर आणतो. रंगासाठीही हे बरं, कारण जांभळाचा रंग आम्लात लाल राहतो आणि आम्लता उतरली की निळसर, मेलेला दिसतो. पण खरं कारण टिकाऊपणाचं आहे. पीएच ३.४ला साधारण ३० पीपीएम मुक्त सल्फर डायऑक्साइड पुरतो. ३.८ला तेवढ्याच राखणीला ८०च्या घरात लागतो, आणि तो नाकाला झोंबतो.

यीस्ट १०० लिटरला २५ ग्रॅम. दहापट पाण्यात, ३७–४० अंशांवर, वीस मिनिटं भिजवून. मग थोडा थोडा रस घालत त्याचं तापमान टाकीच्या जवळ आणायचं. फरक दहा अंशांपेक्षा जास्त नको. पाण्याचं तापमान बोटाने बघू नका, थर्मामीटर घ्या. फळांच्या रसात नत्र कमी असतं, त्यामुळे यीस्ट उपाशी राहून कुजक्या अंड्याचा वास सोडतं. तो आला की थोडं डायअमोनियम फॉस्फेट द्या आणि हवा देत ढवळा, पण हे पहिल्या एक-तृतीयांश साखर संपेपर्यंतच.

तापमानाला मी सगळ्यात जास्त घाबरते. एक ब्रिक्स साखर आंबली की, उष्णता कुठे गेलीच नाही असं धरलं तर, रस १.३ अंशांनी तापतो. जूनमध्ये रस मुळातच ३० अंशांवर असतो. दहा ब्रिक्स आंबेपर्यंत ४३. यीस्ट त्याच्या आधीच मान टाकतं आणि गोड, अर्धवट आंबलेला, कशालाही आमंत्रण देणारा रस टाकीत उरतो. थंडाव्याची सोय असलेली टाकी घ्या किंवा छोट्या टाक्या घ्या, आणि २४ ते २८च्या मध्ये ठेवा. साली वर तरंगून टोपी धरतात, ती दिवसातून दोन-तीनदा खाली दाबा. वर कोरडी राहिलेली टोपी म्हणजे व्हिनेगरची गादी.

पाच-सहा दिवसांनी फडक्यातून दाबून रस वेगळा करायचा. आंबणं सुरू झालं की ब्रिक्सचा हातातला मीटर खोटं बोलतो, मद्यामुळे. तेव्हा तरंगणारा हायड्रोमीटर वापरा. त्याचा आकडा (पाण्याच्या तुलनेत घनता) १.०००च्या खाली जाऊन सलग तीन दिवस हलला नाही की झालं. पुढचं काम सावकाशीचं. साक्यावरून वरचेवर उतरवणं, बेंटोनाइट मातीने निवळवणं, टाकी काठोकाठ भरलेली ठेवणं, दर महिन्याला मुक्त सल्फर डायऑक्साइड मोजणं. सात-आठ महिन्यांनी बाटल्या.

२०१२ला काय झालं ते सांगते. मेटाबायसल्फाइटच्या बरणीचं झाकण मागच्या पावसाळ्यात नीट बसलं नव्हतं. ओल लागून पावडरीचा जोर गेला होता. आम्ही वजन बरोबर करत होतो, पण पडत होतं निम्मंच. टाकीही पाऊणच भरलेली. डिसेंबरमध्ये काकांनी पहिला घोट घेतला आणि काहीच बोलले नाहीत, फक्त पेला माझ्याकडे सरकवला. नेलपॉलिशसारखा वास. आता आम्ही दर मेमध्ये नवं पाकीट घेतो आणि जुनं टाक्या धुवायलाही वापरत नाही.

कुलूप काढल्यावर

बंद वाइनरीत शिरल्यावर पहिला मोह होतो झाडू मारायचा. मारू नका. आधी फोटो काढा, टाकीवरचे आकडे लिहून घ्या, खात्याची सीलं कुठे आहेत ते बघा. जुना माल हा तुमचा नाही, नोंदवहीतला आहे. आमच्याकडे नऊशे लिटर होता. तो काय अवस्थेत आहे हे झाकण उघडल्याबरोबर कळलं. रबराची कडा चिकटून फाटली, आतून कुबट गरम वाफ आल्यासारखी वाटली, आणि वर पांढरी सुरकुतलेली साय. चाखायची हिंमत माझ्या बहिणीने केली. मी नाही केली. तो ओतून द्यायचा होता, पण खात्याची परवानगी आणि पंचनामा झाल्याशिवाय एक बादलीही गटारात जाऊ देऊ नका. आमची ती परवानगी यायला पाच महिने लागले आणि तोवर टाकी अडून राहिली.

कागदांची सुरुवात वारसाने होते. सातबाऱ्यावर वारसनोंद, मग भागीदारी, मग परवान्याचा प्रश्न. मधल्या वर्षांची थकबाकी आणि नूतनीकरणाचं काय, हे आधी लेखी विचारा, तोंडी नको. खिडकीवरच्या एका माणसाने आम्हाला "नवाच काढा, सोपं पडेल" असं सांगितलं. दुसरा "जुनाच जिवंत होईल" म्हणाला. दोघांपैकी कोणाचंच पूर्ण खरं नव्हतं. लेखी उत्तर आल्यावर रस्ता दिसला. प्रदूषण मंडळाची संमती मात्र नव्याने घ्यावी लागली.

मग टाक्या. आतून बॅटरी मारून वेल्डच्या रेघा बघा. बंद करताना कोणीतरी आमच्या एका टाकीत ब्लीच घालून ठेवलं होतं, सद्हेतूने. क्लोरीनने स्टीलला टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडतात. शिवाय लाकूड, पुठ्ठा आणि बुरशी यांच्यासोबत क्लोरीन आलं की वाइनला ओल्या गोणपाटाचा वास धरतो. वाइनरीत ब्लीच आणूच नका. धुण्याचा क्रम: साधं पाणी, मग एक-दोन टक्के कॉस्टिक सोडा कोमट पाण्यात (हातमोजे आणि चष्मा घालून), भरपूर पाणी, मग सायट्रिक आम्ल, परत पाणी, आणि वापरायच्या आदल्या दिवशी पेरअॅसिटिक आम्ल (जंतू मारायला).

खड्ड्यांतून लोह उतरतंय का हे बघायची एक घरगुती युक्ती काकांची. जांभळाचा तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले की शाई होते, पूर्वी हिरड्याची करत तशीच. संशय असेल त्या वेल्डवर जांभळाच्या रसात भिजवलेला कापूस चिकटवून रात्रभर ठेवायचा. सकाळी कापूस निळाकाळा झाला तर ती टाकी गेली. आमच्या चारपैकी दोन गेल्या. त्या आता पावसाचं पाणी साठवायला आहेत. रबरी कडा, पाइप, झडपांची आतली रबरं मात्र न तपासता सगळी बदला. सहा वर्षं सुकलेल्या रबरात काय जगलंय ते कोणी सांगू शकत नाही.

हंगाम फोडा

पुन्हा चालू करताना आम्ही केलेला खरा बदल हा. जूनमध्ये आता आम्ही वाइन करतच नाही. जूनमध्ये फक्त गर काढतो.

२४०० किलो फळ, अठरा दिवस, रोज सव्वाशे-दीडशे किलो. हे चार माणसांना झेपतं. गर १५ किलोच्या खाद्यप्रतीच्या पिशव्यांत भरून, पसरट करून, त्याच संध्याकाळी तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजला, उणे १८ अंशांवर. शंभरेक पिशव्या होतात. पिशवी जाड करू नका. जाड पिशवीचं पोट गोठायला वेळ लागतो आणि तेवढ्यात आत आंबायला सुरुवात होते. टेम्पोत बर्फ आणि थर्माकोल हवाच. शीळफाट्याला गाडी किती वेळ उभी राहील याचा नेम नाही.

मग नोव्हेंबर ते जानेवारी चारशे-चारशे लिटरच्या तीन घाण्या, म्हणजे खेपा, काढायच्या. यात चार फायदे निघाले, आम्हाला अपेक्षित होता एकच. बदलापूरकडे डिसेंबरच्या पहाटे अंगावर शाल लागते, त्यामुळे थंडाव्याच्या यंत्राचं बिल उतरलं. दोनच टाक्या पुरल्या. गोठताना फळाच्या पेशी फुटतात, त्यामुळे रंग आधीपेक्षा लवकर आणि जास्त उतरला. आणि पहिल्या घाणीत चूक झाली तर दुसरीत सुधारता येते. जूनमध्ये ते शक्यच नव्हतं. भाडं लागतं, हे खरं. पण पूर्वी तीन आठवड्यांत वाया जाणाऱ्या फळाशी तुलना केली तर मला ते महाग वाटत नाही.

गोठवलेला गर फ्रिजच्या तापमानाला दीड-दोन दिवस वितळू द्या, उन्हात ठेवू नका, आणि यीस्ट घालण्याआधी २० अंशांच्या वर आला आहे याची खात्री करा. आमची पहिली घाणी चार दिवस हललीच नाही. बहीण रात्री दोनला फोन करून म्हणाली, "यीस्ट मेलंय." मेलं नव्हतं. टाकीच्या मध्यावर अजून बर्फाचा गोळा होता.

विकणं

२०२२च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा आम्ही पेढे आणायचे बाकी ठेवले होते. विरोध झाला आणि ते बारगळलं. त्यामुळे विक्रीचा हिशेब परवानाधारक दुकानांवर आणि वाइनरीतल्या स्वतःच्या परवानगीच्या विक्रीवरच करा. त्यापुढे जे मिळेल ते वरकमाई. वाइनला गिऱ्हाइकाचं वय २१ पूर्ण हवं, आणि ओळखपत्र बघायला लाजायचं नाही. कोरड्या दिवसांची (ड्राय डे, म्हणजे मद्यविक्री बंद असते ते दिवस) यादी दाराला आतून चिकटवा.

ठाण्यातल्या दुकानदारांकडे आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा एकाने बाटली उजेडात धरून विचारलं, "औषध आहे का?" जांभूळ म्हटलं की लोकांना मधुमेह आठवतो. तो समज आवळून धरू नका. मद्यावर आरोग्याचा दावा करता येत नाही, आणि आमची वाइन मधुमेहावरचं औषध नाहीच. आम्ही आता दुकानात सांगतो ते एवढंच, की थंड करून द्या, माशांच्या आमटीबरोबर किंवा सुक्या मटणाबरोबर. एका दुकानातल्या सहा बाटल्या त्याच आठवड्यात संपल्या, दुसऱ्यातल्या सहा तशाच पडून राहिल्या. दुसऱ्या दुकानात त्या दर्शनी खिडकीत उन्हात उभ्या होत्या. त्या परत आणल्या, आणि आता दुकानात माल देताना आधी कुठल्या फळीवर ठेवणार ते बघून मगच पावती फाडतो.

जांभळी नाक्यावर करवंदं दिसायला लागली की आम्ही तुर्भ्याला फोन करून जागा धरतो आणि नवं मेटाबायसल्फाइट आणतो. यंदा बरणीवर तारीख काकांनी स्वतःच्या हाताने घातली.